ओहोटी आहे, काकी

चांगुणाकाकीचा डावा कान नेहमी समुद्राकडे असायचा. अर्नाळ्याच्या पुळणीवर तो तसा असणं साहजिकच होतं. पण आमच्या गोखिवऱ्यात, जिथे समुद्राचा वारासुद्धा कारखान्यांच्या पत्र्यांना अडखळत, धापा टाकत येतो, तिथेही जिन्याच्या पायरीशी मासळीची पाटी टेकवून ती बसली की तिची मान किंचित पश्चिमेला कललेली असायची आणि सकाळचं कोवळं ऊन नेमकं तिच्या कानातल्या जड सोन्यावर येऊन थांबायचं. तोंडानं ती दुसऱ्या मजल्यावरच्या बाईशी भावावरून भांडत असायची, हातांनी पापलेटाच्या तुकड्या करत असायची, डोळ्यांनी मांजरावर पहारा ठेवत असायची. कान मात्र या साऱ्या कारभारातून अलिप्त, निःसंग. तो कुणाची तरी वाट पाहत असायचा.

नव्वदचं दशक तेव्हा अर्ध्यावर आलं होतं. आम्ही घाटावरची माणसं; मुंबईतली भाड्याची खोली सोडून गोखिवऱ्याच्या नव्या इमारतीत स्वतःचं बिऱ्हाड थाटलं होतं, आणि मासळीच्या बाबतीत माझं ज्ञान शून्याच्या जरा खालीच होतं. काकीनं ते पहिल्याच दिवशी ओळखलं. मी बोंबलाकडे बोट दाखवून हा कोणता मासा म्हणून विचारलं, तेव्हा तिनं पाटीवर हात मारून हसत सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "अगो बाय, हिला बोंबील म्हाईत नाय! कोन मुलखातून आलीस गो तू?" मला संताप आला. पण तिनं तो बोंबील स्वतः साफ करून, कसा तळायचा ते सांगून, माझ्या ताटलीत टाकला, आणि वर म्हणाली, "बिघडला तर उद्या ये, मना शिव्या दे." बिघडला नाही. त्या दिवसापासून ती माझी काकी झाली आणि मी तिची 'घाटावरची'.

ऋतूंची वार्ता मला तिच्या पाटीवरून कळायची. कार्तिकातल्या थंडीत पाटीत रुपेरी झळाळी असायची, चैत्र सरताना ती झळाळी मंदावायची, आणि पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारल्या गेल्या की पाटीत फक्त सुकट, जवळा आणि सुके बोंबील. त्या दिवसांत मला एक गंमत जाणवली. पावसाळ्यात काकीची मान सरळ असायची. ती समोर बघून बोलायची, समोर बघून हसायची, आणि तिचा कान तिच्याच जागी परत आल्यासारखा निवांत दिसायचा. मी एकदा विचारलंच. ती म्हणाली, "आता कोन दर्यात हाय? आमचं मानूस घरात पडून घोरतंय."

तिच्या त्या घोरणाऱ्या माणसाला मी एका मार्गशीर्षातल्या रविवारी पाहिलं. "घाटावरची, एकदा ये तरी दर्या बघायला," असं ती वर्षभर ऐकवत होती. शेवटी मी गेले. अर्नाळ्याच्या वाळूत बांबूंच्या मांडवांवर बोंबील ओळीनं टांगले होते, त्यांच्यावरून तिरपं पिवळं ऊन वाहत होतं, समोर पाण्यात किल्ला निवांत बसलेला, आणि हवेत मीठ, वाळती मासळी आणि डिझेल यांचा असा घनदाट दरवळ की पहिले काही क्षण मी तोंडानंच श्वास घेतला. काठावर बायका आपापल्या पाट्या घेऊन बसल्या होत्या. होड्या अजून दिसतही नव्हत्या. पण दूरवरून इंजिनांची धडधड यायची, आणि ती मला सगळी सारखीच वाटत असताना या बायका सहज म्हणायच्या, ही पांडूची, ही मधल्या आळीची. कुणीही समुद्राकडे बघत नव्हतं. लसूण निवडावा तशा त्या आवाज निवडत होत्या.

मग एक धडधड आली जी मलासुद्धा वेगळी वाटली. सलग ठोके, आणि मधेच एक ठोका गाळलेला, जिना चढताना म्हाताऱ्यानं क्षणभर कठड्याला धरावं तसा. काकीनं तोंडातलं वाक्य अर्ध्यावर सोडलं. तिचे दोन्ही हात आपसूक वर गेले, फडक्याची चुंबळ डोक्यावर बसली, आणि ती कमरेतून उठण्याच्या बेतात आली. शेजारणीनं तिला ओढून खाली बसवलं आणि सगळ्या बायका खो-खो हसल्या, कारण समुद्राला ओहोटी होती. ओहोटीत होड्या किल्ल्याच्या अलीकडे खोल पाण्यातच थांबतात. पाणी चढल्याशिवाय काठाला लागत नाहीत. हे काकीला काय ठाऊक नव्हतं? पण तो आवाज ऐकला की तिचं अंग तिला विचारत नसे.

"बस गो," ती मला म्हणाली, जणू उठले होते ती मीच. "आली म्हनून काय लगेच लागत नाय. भरती होऊ दे."

आणि आम्ही बसलो. ती चुंबळ डोक्यावर तशीच ठेवून, हात मांडीत, अशी काही निश्चल बसली की या बाईला गप्प बसता येतं हेच मला त्या दिवशी प्रथम कळलं. त्या बसण्यात अधीरता नव्हती. माणूस सुखरूप आहे, आवाज येतो आहे, आता उरलं ते फक्त पाण्याचं चढणं, आणि पाणी तर चढणारच. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी नंतर फार कमी चेहऱ्यांवर पाहिलं.

त्या गाळलेल्या ठोक्याची गोष्ट तिनं मला परतताना सांगितली, रागावल्याचं सोंग आणत. विरारचा मेकॅनिक केव्हापासून म्हणत होता, इंजिन दोन दिवस माझ्याकडे सोड, ठोका सरळ करून देतो. तिचा नवरा, अबोल, काटक, मिठानं पांढुरक्या झालेल्या भुवयांचा, दरवेळी नको म्हणायचा. "इचारलं मी, का नको? तर बोलतो काय," काकीनं पदर तोंडाला लावला, "दुरुस्त केलं तर तुना कसं कळंल मी आलो ते?" एवढं सांगून तिनं मला उगाचच एक धपाटा घातला. नवऱ्याचं नाव तिनं मला कधीच सांगितलं नाही. तिच्या बोलण्यात तो कायम 'आमचं मानूस' होता.

पुढे तो माणूस गेला. दर्यात नव्हे, घरात, अंथरुणावर, तापाचं निमित्त होऊन. होडी विकली गेली, तिच्याबरोबर ते इंजिनही कुठल्याशा लांबच्या बंदराला गेलं. काकी महिनाभरानं पुन्हा आमच्या जिन्याशी आली तेव्हा मी तिच्या मानेकडे पाहिलं. मान तशीच पश्चिमेला कललेली होती. पावसाळा आला, सुकट आली, होड्या शाकारल्या गेल्या. त्या वर्षी पावसाळ्यातही ती मान सरळ झाली नाही. त्यानंतरच्या कुठल्याच पावसाळ्यात झाली नाही. मला ते पाहवत नसे, आणि विचारण्याची माझी छाती नव्हती.

आता माझ्या कामाविषयी सांगायला हवं. वसईत एमआरआयचं मशीन आलं तेव्हा लोकांना ते एखाद्या नव्या देवळाइतकं अपूर्व वाटलं होतं. तोवर पाठीचं, मेंदूचं दुखणं घेऊन आमची माणसं मुंबई गाठायची, आणि निम्मी तर वाटेच्या धसक्यानंच दुखणं अंगावर काढायची. मी त्या मशीनवरची टेक्निशियन. टेबलावर माणूस झोपवायचा, टेबल त्या अरुंद बोगद्यात सरकवायचं, काचेपलीकडे बसून चित्रं घ्यायची. सांगायला सोपं काम. पण आत झोपलेल्याच्या नाकापासून बोगद्याचं छत वीतभर अंतरावर असतं, कानाशी ठोकाठोकी चाललेली असते, आणि सांगितलेलं असतं की हलायचं नाही. धट्टीकट्टी माणसं तिथे लहान मुलासारखी रडलेली मी पाहिली आहेत, आणि त्यांना हसणाऱ्या नातेवाइकांना मी बाहेरही काढलं आहे.

आमच्या या पेशात एक खोटं सर्रास बोललं जातं: "झालंच आता, दोन मिनिटं." मला त्या दोन मिनिटांची भयंकर चीड आहे. बोगद्यातल्या माणसाजवळ घड्याळ नसतं, आकाश नसतं, सावली नसते. त्याच्याजवळ काचेपलीकडून येणारा एक शब्द तेवढा असतो, आणि तोच खोटा निघाला की मग त्याला धरायला काहीच उरत नाही. म्हणून मी आधी सांगायचे. आता कुदळ मारल्यासारखा आवाज येईल, बराच वेळ येईल. आता शिवणयंत्र चालेल. आता मधे थोडं शांत, खोकायचं असेल तर खोकून घ्या. गुडघ्यांखाली उशी, अंगावर गोधडी, पायांत मी घरून आणून ठेवलेले लोकरीचे मोजे, कारण एसीत गारठलेला पाय थरथरतो आणि चित्र फिसकटतं. आमचे डॉक्टर वसईजवळच्याच सांडोर गावचे. स्वतःच्या वाडीतल्या केळ्यांचा घड आणून स्टाफला वाटणारे सज्जन गृहस्थ. ते थट्टेनं म्हणायचे, "सुलभाताई, तुम्ही चित्रं काढता की पाहुणचार करता?" मी म्हणायचे, "पाहुणचार नीट झाला की चित्र आपोआप नीट येतं, डॉक्टर." हे मी अजूनही कुणाच्याही तोंडावर म्हणेन.

आणि एका दुपारी त्या पाहुणचाराला चांगुणाकाकी आली. तिच्या सुनेनं, संगीतानं, तिला हाताला धरून आणलं होतं. तिचा डावा पाय महिनोन्महिने बधिर होत चालला होता, वाळूत पाऊल टाकलेलं कळत नव्हतं, दोनदा ती भर बाजारात पाटीसकट पडली होती, आणि आता उजव्या पायालाही मुंग्या येऊ लागल्या होत्या. मुंबईच्या सर्जननं स्पष्ट सांगितलं होतं की मणक्यात मज्जारज्जूवर कुठेतरी दाब आहे, तो नेमका कुठे हे चित्रात दिसलं तर ऑपरेशन करून पाय वाचवता येतील. उशीर झाला तर ती पुन्हा चालणार नाही. मुंबईतल्या एका ठिकाणी चित्र काढायचा प्रयत्नही झाला होता. बोगद्यात शिरताच काकीनं असा आकांत केला की त्यांनी तिला परत पाठवलं. गुंगीचं इंजेक्शन द्यावं तर तिच्या छातीत दमा. भूलतज्ज्ञानं साफ नकार दिला होता. म्हणजे जागेपणीच आणि निश्चल पडूनच चित्र निघायला हवं होतं, आणि तेही त्याच आठवड्यात.

मला पाहून तिचा चेहरा उजळला. "ही तर आमची घाटावरची!" ती संगीताला म्हणाली. "हिला बोंबील पन म्हाईत नव्हता." मी मनात म्हटलं, ज्या बाईची जीभ एवढी शाबूत आहे तिचे पाय मी असे जाऊ देणार नाही.

कानातलं सोनं काढावं लागलं. कैक वर्षांत ते निघालं नव्हतं. साबण लावून, फुंकर घालून, तिच्या शिव्या खाऊन ते आम्ही काढलं. कानाच्या पाळीवरची लांबट भोकं एकदम उघडी पडली. "हलकं झालं गो," ती कान चोळत म्हणाली, "आता सगळंच ऐकू येनार." मग लुगड्याऐवजी आमचा निळा गाऊन घालून ती आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, मना नवरीसारखी नटवली मेल्यांनी. पण टेबलावर आडवी झाल्यावर तिचा हात माझ्या हातात बर्फासारखा होता. मी तिला सगळं सांगितलं. बोगदा दोन्ही बाजूंनी उघडा आहे. हातातला हा रबरी फुगा दाबलास की मी लगेच येईन. काचेतून मी तुला बघत असेन, आवाज पुष्कळ येईल, आणि वेळ लागेल.

"किती येल?" तिनं विचारलं.

"तुझी पाटी अर्धी विकून होईल इतका," मी म्हटलं. तिला तो हिशेब पटला.

कानांत कापूस घातला, टेबल आत सरकलं, आणि पहिली ठोकाठोकी सुरू झाली. काचेपलीकडे मी पडद्याशी. डॉक्टर माझ्या मागे उभे, संगीता दाराशी देवाचं नाव घेत. आवाज थांबला तसा माइकवरून तिचा आवाज आला, चकित, जवळजवळ आनंदी: "घाटावरची! अगो, ही तर इंजनं वाजतात!"

"वाजू देत. तू हलू नको."

दुसरा आवाज जास्त वेगाचा होता. तो संपल्यावर ती म्हणाली, "ही पांडूची. डिजल लय खाते." तिसऱ्यानंतर ती आणखी कुणाच्या तरी होडीला नावं ठेवत होती. डॉक्टर हसू दाबत होते. पडद्यावर चित्रं स्वच्छ येत होती, मणक्यांची माळ वरपासून खालपर्यंत रेखीव, आणि मधे एका जागी ती करडी शंका, जिच्यासाठी हा सारा खटाटोप होता. तेवढ्या जागेची आडवी चित्रं घेतली की काम फत्ते. सर्जनला हवी होती ती नेमकी तीच.

मी शेवटचा क्रम लावला. हजार वेळा ऐकलेला तो आवाज; पण त्या दिवशी तो काकीच्या कानांनी माझ्या कानात शिरला. सलग ठोके. मधे एक ठोका गाळलेला. पुन्हा सलग ठोके. मला अर्नाळ्याची वाळू आठवली, तिरपं ऊन आठवलं, आणि मी माइककडे हात नेईपर्यंत बोगद्यात काकीचे दोन्ही हात चुंबळ बसवायला डोक्याकडे गेले होते, कोपरं भिंतींवर आदळली होती आणि ती कमरेतून उठली होती. तिचं कपाळ छताला थडकल्याचा आवाज ठोक्यांच्या वर ऐकू आला.

"आली! आली गो! आमची आली!"

मी मशीन थांबवलं, धावत जाऊन टेबल बाहेर ओढलं. कपाळावर फक्त लाली आली होती. ती उठून बसली, डोळे विस्फारून खोलीभर पाहिलं, पांढऱ्या भिंती पाहिल्या, मला पाहिलं, आणि हळूहळू तिला समजलं की ती कुठे आहे. आधी ती हसली. मग तिनं पदर शोधला, गाऊनला पदर नव्हता, तसा तिनं तोंडावर हात घेतला. "मानूस गेला, होडी इकली," ती हातामागून म्हणाली, "आनि मी येडी उठते. मना ठाव हाय गो सगळं. या अंगाला कोन सांगनार?"

संगीता रडायला लागली. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. हा क्रम वगळता येणार नाही, आवाज बदलता येणार नाही, आणि बाई पुन्हा उठली तर आज हाती काही लागणार नाही, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. मी आणखी कापूस घ्यायला वळले. काकीनं पाहिलं आणि मान हलवली. "नको घालूस. तो कानानं कुठं येतो? तो हाडातून येतो."

खरंच होतं ते. टेबलच हलकंसं थरथरतं. मी कापूस ठेवून दिला, स्टूल ओढून तिच्याजवळ बसले, आणि मला रागच आला; आजाराचा, त्या मशीनचा, आणि ज्याला इंजिन दुरुस्त करायला नको होतं त्या मिठाच्या भुवयांच्या माणसाचाही. आणि त्या रागातच मला ती पुळण पुन्हा दिसली. चुंबळ डोक्यावर ठेवून, हात मांडीत घेऊन, निश्चल बसलेली काकी.

"काकी," मी म्हटलं, "आवाज आला आणि ओहोटी असली, तर काय करतेस?"

तिनं माझ्याकडे बघितलं.

"बसते," ती म्हणाली.

"मग आज ओहोटी आहे."

तिनं गाऊनच्या बाहीनं डोळे पुसले, स्वतःहून आडवी झाली, हात पोटावर ठेवले. "भरती झाली की सांगशील ना मना?"

"सांगेन. फसवणार नाही."

टेबल पुन्हा आत गेलं. मी माइक चालू ठेवला आणि क्रम लावला. ती धडधड सुरू झाली, आणि मी, जी रोज कुदळीच्या आणि शिवणयंत्राच्या उपमा देत असे, ती त्या दिवशी ठोक्यांच्या वरून एवढंच म्हणत राहिले: ओहोटी आहे, काकी. अजून ओहोटीच आहे. तो तिथेच आहे, किल्ल्याच्या अलीकडे. पाणी चढतंय. बस तू. डॉक्टर माझ्याकडे न पाहता पडद्याकडे पाहत होते आणि त्यांनी चष्मा काढून हातात घेतला होता. बोगद्याच्या तोंडातून काकीचे पाय दिसत होते, माझ्या लोकरी मोज्यांतले, एकमेकांना टेकलेले. हलले नाहीत. पडद्यावर एकेक चित्र उमटत गेलं, काचेवर कोरल्यासारखं स्वच्छ, आणि तो दाब नेमका कुठे आहे ते माझ्यासारखीलाही दिसलं.

मला भीती होती ती शेवटाची. क्रम संपतो तेव्हा आवाज एकदम तुटतो, आणि त्यानंतरची शांतता इतकी पोकळ असते की भलेभले त्या क्षणी दचकतात. इतका वेळ मी तिला ज्याच्या आशेवर बसवलं होतं तो आवाजच नाहीसा होणार, आणि मग काठावर कुणीच नसणार. मी बटणावर बोट ठेवून बसले होते. आवाज थांबला.

"काकी," मी म्हटलं, "भरती झाली."

काकीचा आवाज आला, सावकाश, तृप्त, जेवण होऊन हात धुतल्यावर माणूस बोलतं तसा.

"हां. इंजन बंद केलं त्यानं. लागली काठाला." आणि थोडं थांबून, "आता उठू?"

"ऊठ," मी म्हटलं.

टेबल बाहेर आलं तेव्हा तिचे दोन्ही हात डोक्याकडे जात होते, घाई न करता. तिनं केस सारखे केले आणि ती उठून बसली.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. पुढच्या हिवाळ्यात हातात काठी घेऊन, पाटी सुनेच्या डोक्यावर देऊन, ती आमच्या जिन्याशी आली, आणि पहिल्या मजल्यापासून तिसऱ्यापर्यंत ज्यानं त्यानं तिची विचारपूस केली. माझ्यासाठी तिनं पाटीच्या तळाशी निवडक बोंबील राखून ठेवले होते. कोवळं ऊन नेहमीसारखं आलं आणि तिच्या कानातल्या सोन्यावर थांबायला गेलं, पण सोनं त्याला नेहमीच्या जागी सापडलं नाही. मी पाहतच राहिले. काकीची मान सरळ होती. भर हिवाळा, सगळ्या होड्या समुद्रात, आणि ती समोर बघून बोलत होती, समोर बघून हसत होती, पावसाळ्यात हसायची तशी.

माझी नजर तिनं ओळखली. बोंबलाचं डोकं सुरीनं उडवत, अगदी सहज, ती म्हणाली, "आता कोन दर्यात हाय, गो?"

त्यालाही आता पुष्कळ वर्षं लोटली. आमच्याकडचं ते मशीन गेलं, नवं आलं. नवं फारच सौम्य बोलतं, आणि आत पडलेली माणसं कमी घाबरतात, याचा मला मनापासून आनंद आहे. काकीही गेली, तिच्या घरात, तिच्या माणसांत. मी अजून घाबरलेल्या माणसांजवळ स्टूल ओढून बसते, अजून खरं तेवढंच सांगते, मोजे अजून घरून आणते. फक्त हिवाळ्यातल्या एखाद्या सकाळी जिन्याच्या पायरीशी ऊन येऊन थांबतं आणि पायरी रिकामी असते, तेव्हा माझ्या नकळत माझीच मान पश्चिमेला कलते. मी ती सरळ करत नाही. गेलेल्या माणसाची आठवण ओहोटीला ऐकू येणाऱ्या इंजिनासारखी असते, हे मी काकीकडून शिकले आहे. उठून धावायचं नसतं, हात मांडीत घेऊन बसायचं असतं, आणि पाणी तर चढणारच असतं.